साडेपाचचा ठिपका

आज सकाळीही ठोके पडले. तीन. साडेपाचला, माझ्या उशापलीकडच्या भिंतीवर.

पलीकडच्या घरात आता एक नवराबायको भाड्यानं राहतात. दोघं कॉम्प्युटरवर काम करतात आणि नऊला उठतात. त्यांचा पलंग दुसऱ्या भिंतीला आहे, हे मी विचारून घेतलं आहे. त्यांनी ठोकायचं काही कारण नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि या वयात नव्यानं ठेवायचा विचारही नाही. पण ठोके ऐकू येतात. मी उठते, दार उघडते, चार पावलं चालून शेजारच्या दारासमोर उभी राहते आणि बघते. मग परत येते.

एकदा त्या मुलीनं अचानक दार उघडलं. हातात कचऱ्याची पिशवी होती. मला बघून दचकली.

"आजी, काही हवंय का?"

"काही नको. बघत होते."

"काय?"

"दार."

तेव्हापासून ती माझ्याशी मोठ्यानं बोलते. तिला वाटतं, म्हातारीला ऐकू कमी येतं. माझे कान चांगले आहेत. जरा जास्तच चांगले आहेत, हीच अडचण आहे.

पलीकडच्या त्या घरात आधी कुमुदताई राहायच्या. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी ताई मीच म्हणायचे. त्या मला "अहो सोनाबाई" म्हणायच्या. ठेंगणी बाई, पाठ ताठ, केस मानेपर्यंत कापलेले, मनगटावर पुरुषी घड्याळ. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, असं बिल्डिंगमधल्या एकीनं विचारलं, तर म्हणाल्या, "वेळ जुळली नाही. मी साडेपाचला उठते." यापुढे त्या विषयावर कोणी बोललं नाही.

वारज्यात जिथं ही बिल्डिंग आहे तिथं आमचं शेत होतं. जिथं विहीर होती तिथं आता गाड्या लावतात. जमिनीच्या बदल्यात आम्हाला इथं घरं मिळाली. मुलगा आणि सून चौथ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. गुडघे आणि सून, दोघांच्याही दृष्टीनं हे बरं. त्याआधी पंचवीसेक वर्षं मी मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन टेम्पोत बसून मार्केट यार्डात जात होते. शाळा चौथीपर्यंत. कुमुदताई शिकलेल्या, वेधशाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या. आमचं जमायचं काही कारण नव्हतं.

त्यांची नोकरी काय होती ते मी विचारलं. म्हणाल्या, रोज ठरल्या वेळेला बाहेर जायचं, पांढऱ्या पेटीतल्या थर्मामीटरचा आकडा बघायचा, पावसाचं साठलेलं पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं.

"एवढंच काम?" मी म्हणाले.

"एवढंच. पण रोज. तुम्ही एक दिवस मेथी काढली नाहीत तर काय व्हायचं?"

"काय व्हायचं? दुसऱ्या दिवशी पिवळी पडायची."

"तसंच."

तिथून जमलं.

गोड बाई नव्हती ती. कोणाचं कौतुक करायची नाही. हळदीकुंकवाला बोलावलं तर यायची आणि "आता निघते, चहा बरा होता" म्हणून उठायची. बरा, म्हणजे चांगला नव्हता. माझ्या सुनेनं एकदा नवीन सोफा दाखवला तर म्हणाली, "छान आहे. यावर बसल्यावर उठता येतं का?" सून आठ दिवस धुमसत होती. मला मजा वाटली, हे खोटं कशाला बोलू.

त्यांचं सगळं चालायचं ऋतूवर. वर्षातून सहा ऋतू, आणि प्रत्येक ऋतूला एक नवी सवय. एकच. आणि तीही इतकी लहान की ऐकणाऱ्याला हसू यावं. "सवय इतकी लहान लावायची," त्या म्हणायच्या, "की सोडताना आपलीच आपल्याला लाज वाटली पाहिजे."

एका वर्षी एक जानेवारीला बिल्डिंगमधल्या बायकांनी एकवीस दिवसांचा कार्यक्रम काढला. फोनवर ग्रुप झाला. गच्चीवर रंगीत चटया अंथरल्या. सकाळी सहाला व्यायाम, साखर बंद, भात बंद, दुधी भोपळ्याचा रस. माझ्या सुनेनं मलाही ओढून नेलं. कुमुदताई खाली बाकावर उन्हाची वाट बघत बसल्या होत्या. आम्ही जिन्यानं खाली आलो, तर त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"नवीन वर्ष का?"

"हो ना ताई, या ना तुम्हीपण! न्यू इयर, न्यू स्टार्ट!" सून म्हणाली.

"कॅलेंडर बदललं, ते दिसतंय. थंडी बदलली का? शरीराला कोणी कळवलंय का की वर्ष नवीन लागलं?"

सगळ्या हसल्या. संक्रांतीपर्यंत गच्चीवर तीन चटया राहिल्या, आणि त्यातली एक कोणीतरी विसरून गेलेली होती. संक्रांतीला कुमुदताईंनी प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "खा निवांत. पाडव्याला बघू."

पाडव्याला त्या खरंच बघायच्या. त्यांचं वर्ष तेव्हा लागायचं. आमच्या शेताच्या बांधावरचं एक कडुनिंबाचं झाड बिल्डरनं कसं कोण जाणे ठेवलं होतं. ते कोपऱ्यावर अजून आहे. त्याचा कोवळा पाला मी काढून आणायचे, त्या ओवा, गूळ, मीठ घालून वाटायच्या, आणि आम्ही दोघी उभ्या उभ्या एकेक गोळी खायचो. खाताना तोंड वाकडं केलेलं त्यांना चालायचं नाही. मग त्या त्या ऋतूची सवय सांगायच्या. आधी स्वतःची, मग माझी.

मी चहात चार चमचे साखर घालायचे. डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेबद्दल बजावून झालं होतं. मुलानं आरडाओरडा केला होता. मी कोणाचं ऐकलं नव्हतं. कुमुदताईंनी साखर सोडायला सांगितलंच नाही.

"चहा प्या हवा तसा. फक्त शेवटचा घोट कपात ठेवायचा."

"टाकायचा?"

"टाकायचा."

"अहो ताई, खालीच तर साखर ऱ्हाती! तोच घोट खरा हाय."

"म्हणूनच."

एक ऋतूभर मी तो घोट मोरीत ओतला आणि दर वेळी जीव हळहळला. मग वाटायला लागलं, टाकायचीच आहे तर एवढी घाला कशाला. वर्ष संपता संपता एका चमच्यावर आले. कोणी मला हरवल्यासारखं वाटलं नाही, त्यामुळे मीही भांडले नाही.

जेवणानंतरच्या शतपावलीची त्यांनी दहा पावलं केली. माझ्या गुडघ्यांकडे बघून म्हणाल्या, "शंभर नकोत. दहा. अकराव्या पावलाला तुम्हाला कोणी अडवणार नाही." ग्रीष्मात माठातलं पाणी बसूनच प्यायचं. पावसाळ्यात रोज पायांची बोटं कोरडी पुसायची, एकेक, मधल्या फटीसुद्धा. शरदात त्यांनी मला वही आणून दिली. रोज चार ओळी लिहायच्या.

"मी? चौथी शिकलेली बाई काय लिहिणार?"

"चौथी म्हणून चार. पाचवी असतात तर पाच सांगितल्या असत्या."

"काय लिहू पण?"

"जे बघितलं ते. मनातलं नको, मनातलं सगळ्यांचं सारखंच असतं. आणि बोलताना हाय म्हणा खुशाल, लिहिताना आहे लिहा."

तशी मी लिहायला लागले. आज हे लिहिते आहे ते त्या वहीच्या जोरावर. सातवी वही चालू आहे.

झालेल्या सवयीचा हिशोब एकच. कॅलेंडरावर त्या दिवसाच्या चौकोनात शिसपेन्सिलीचा एक ठिपका. केलं तर ठिपका, नाही केलं तर चौकोन कोरा. कोऱ्या चौकोनाबद्दल त्या कधी बोलायच्या नाहीत. पण एकदा मी दुपारी बसून आठवड्याचे ठिपके एकदम दिले. पायांची बोटं पुसली होती, खरंच पुसली होती, फक्त ठिपके राहिले होते. कुमुदताई तेवढ्यात आल्या आणि बघून खुर्चीत बसल्या. इतक्या गंभीर मी त्यांना पूर्वी बघितलं नव्हतं.

"सोनाबाई, बुधवारी पुसलीत?"

"व्हय की."

"बुधवारी बघितल्याचं आठवतंय, की रोज पुसता म्हणून बुधवारी पुसली असणार?"

मला सांगता येईना.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. ऑफिसात एक जण होता. चांगला, वक्तशीर. एकदा हिवाळ्यात आठवडाभर रोज सारखाच आकडा येत होता. एका सकाळी तो पेटीपर्यंत गेला, दार उघडलं, वहीत आकडा लिहिला आणि परत आला. दुपारी दुसऱ्यानं बघितलं तर आतलं थर्मामीटर तडकलेलं, पारा खाली सांडलेला. तो माणूस शपथेवर सांगत होता की मी आकडा बघितला. खोटं बोलत नव्हता. त्याला दिसला होता.

"रोजचं काम करणाऱ्याला हाच रोग होतो," कुमुदताई म्हणाल्या. "न बघता दिसायला लागतं."

"मग काढला का त्याला?"

"नाही. वहीत आकडा खोडायचा नसतो, रबर लावायचं नसतं. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारायची, तो खालून वाचता आला पाहिजे, आणि शेजारी खरं लिहायचं. त्याला ती रेघ मारायला लावली. पुरे झालं तेवढं."

मी पुढं रोजचा ठिपका रोज द्यायला लागले. मला वाटलं, धडा शिकले.

तीन ठोक्यांची सवय एका पाडव्याला सुरू झाली. त्याच्या आदल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरचे एक एकटे राहणारे गृहस्थ घरातच गेले आणि दोन दिवस कोणाला कळलं नाही. दाराच्या कडीला दुधाच्या दोन पिशव्या लटकत होत्या. येणारेजाणारे आम्ही सगळे त्या पिशव्यांच्या शेजारून गेलो होतो.

कडुनिंबाची गोळी गिळून झाल्यावर कुमुदताई म्हणाल्या, "या वर्षी दोघींची एकच सवय. साडेपाचला मी भिंतीवर तीन ठोके देईन. तुम्ही तीन परत द्यायचे. मग दोघींनी ठिपका."

"आणि एखाद्या दिवशी तुमचा ठोका आला नाही तर?"

"तर उठून या. आणि तुमचा आला नाही तर मी येईन. मात्र नुसतं झोपलेल्या सापडलात तर चहा तुमच्याकडे."

त्यांच्याकडे ऑफिसातला एक लाकडी रूळ होता, त्यानं त्या ठोकायच्या. एक, मग दम घेऊन दोन, मग तीन. मी खलबत्त्यातला बत्ता उशाशी घेऊन झोपायचे आणि गडबडीत तीन हाणायचे. भिंतीचा तेवढा रंग गेला. जवळजवळ दोन वर्षं एक दिवस चुकला नाही. मी बोलत नव्हते, पण मला ते बरं वाटायचं. माझा नवरा गेल्यापासून सकाळी माझी चौकशी कोणी करत नव्हतं.

ती सकाळ माघातली होती. काही वेगळं नव्हतं, हे मुद्दाम सांगते. मला ताप नव्हता, झोप झालेली होती. साडेपाच वाजले, ठोके आले, मी बत्त्यानं तीन दिले, उठून ठिपका दिला, रेडिओ लावला आणि चहाचं आधण ठेवलं.

दहा वाजता भाजीच्या गाडीवर गेले. परत आले. कुमुदताई बाकावर नव्हत्या. वाटलं, बँकेत गेल्या असतील.

एक वाजता त्यांच्या भाच्याचा, शिरीषचा फोन आला. तो राहायला तिकडे विश्रांतवाडीला, पुण्याच्या दुसऱ्या टोकाला. पन्नाशीचा सरळ माणूस, मावशीला रोज फोन करायचा.

"काकू, मावशी फोन उचलत नाहीये. सकाळपासून तीनदा केला. निघू का मी?"

"कशाला धावपळ करतोस? सकाळी ठोका दिला की त्यांनी."

"नक्की ना?"

"मी ऐकला. उत्तर दिलं. ठिपका दिलाय, बघ."

"मग ठीक आहे. बाहेर गेली असेल." तो हसला. "तुमचा ठिपका म्हणजे काय, सरकारी शिक्का."

साडेचारला मी कचरा टाकायला निघाले आणि त्यांच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी दिसली. एक. ती सकाळी सहापासून तिथं होती. दहा वाजता जाताना आणि येताना मी तिच्या शेजारून गेले होते.

मुलाला हाक मारली. दार आतून बंद होतं. त्यानं आणि वॉचमननं धक्के देऊन कडी उखडली. कुमुदताई बाथरूमच्या उंबऱ्यावर आडव्या पडल्या होत्या. अर्धं अंग गेलं होतं. डोळे उघडे होते. हाताशी प्लास्टिकचा मग होता, त्याचा कान तुटलेला.

ते दोघं त्यांना उचलत होते, तेव्हा मी काय करत होते? मी त्यांचं कॅलेंडर बघत होते. शेवटचा ठिपका आदल्या दिवशीचा होता. त्या दिवसाचा चौकोन कोरा. रूळ खिळ्यावर टांगलेला. ठोका दिल्यावर त्या तो लगेच खिळ्याला लावायच्या नाहीत, आधी ठिपका द्यायच्या, मग टेबलावर ठेवायच्या, आणि संध्याकाळी आवरताना टांगायच्या.

म्हणजे ठोका पडलाच नव्हता. मला ऐकू आला होता.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, शेवटच्या नीट कधी होत्या? शिरीष माझ्याकडे वळला. "काकू, साडेपाचला नक्की ठोका आला होता ना?"

मला कोरा चौकोन दिसत होता. मी म्हणाले, "आला होता."

यात मला ऐकू आल्याचा काही संबंध नव्हता. हे सरळ खोटं होतं, समजून बोललेलं. पहिल्या चुकीला मी रोग म्हणू शकते. या दुसरीला नाव नाही.

डॉक्टर एवढंच म्हणाले की लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं.

पुढं त्यांना शिरीषनं आपल्या घरी नेलं. त्यांचं बोलणं गेलं होतं. मी एकदाही गेले नाही. लांब आहे, गुडघे दुखतात, असं सांगत राहिले. खरं कारण वेगळं होतं. फाल्गुनात शिरीषचा फोन आला, "काकू, मावशी एकेक शब्द बोलायला लागली. तुमचं नाव घेतलं." कोणालाही आनंद झाला असता. मला झाला नाही. त्या साडेपाचच्या आधीच पडल्या, हे दोघींनाच माहीत होतं, आणि त्यातली एक आता बोलणार होती.

आणि ठोके थांबले नाहीत. रिकाम्या घरातून रोज साडेपाचला तीन. मी बत्ता उचलून स्वयंपाकघरात ठेवला होता. उत्तर देत नव्हते. उशी डोक्यावर घ्यायचे.

पाडव्याला पहाटे उठले, कोपऱ्यावरच्या झाडाचा पाला काढला, ओल्या फडक्यात बांधला आणि बस धरली. दोन बस बदलून, मग रिक्षा. बसच्या खिडकीतून बाल्कन्यांत गुढ्या दिसत होत्या. माणसं नवे कपडे घालून साखरेच्या गाठी घेऊन चालली होती. मी फडकं मांडीवर घट्ट धरून बसले होते.

शिरीषच्या घरी बाहेरच्या खोलीत गुढी होती. आतल्या खोलीत लोखंडी कॉट. कुमुदताई अर्ध्या झाल्या होत्या. उजवा हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. घड्याळ डाव्या मनगटावर बांधलेलं होतं. मी तिथंच पाला चुरला आणि इवलासा कण त्यांच्या जिभेवर ठेवला. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. निम्मं तर आधीच वाकडं होतं.

"माठ?" त्यांनी विचारलं. शब्द जड यायचे, पण कळायचे.

"काल भरला. अजून गार व्हत न्हाई."

"होईल."

बाहेर शिरीषची बायको श्रीखंडाच्या वाट्या मांडत होती.

"ठिपका दिलात?" कुमुदताई म्हणाल्या.

"कधीचा?"

त्यांनी नुसतं बघितलं.

"दिला," मी म्हणाले.

"मी पडले... सव्वापाचला. ठोकलंच नाही." दम घेतला. "तुमचं उत्तर आलं. तीन."

मी फडक्यातला उरलेला पाला गोळा केला.

"न विचारता उत्तर. हुशार बाई." तोंडाची चांगली बाजू हलली. त्या हसत होत्या. "मग मी मगानं... खूप ठोकलं."

"मी रेडिओ लावला व्हता, ताई."

"ऐकला. बातम्या."

मी आयुष्यात फार रडलेली नाही. तेव्हाही रडले नाही. पण त्यांच्या कॉटची दांडी धरावी लागली.

"शिरीषला सांगितलंत?" मी विचारलं.

"ते माझं काम नाही."

"मी तो ठिपका पुसून टाकीन."

"रबर नाही!" हे त्या इतक्या स्पष्ट बोलल्या की बाहेरची माणसं थांबली. "रेघ. एकच."

"आणि शेजारी काय लिहू?"

"जे बघितलं ते."

"मी काही बघितलंच न्हाई."

"तेच लिहा."

मग डोळे मिटून पडल्या. मला वाटलं, झोप लागली. तेवढ्यात म्हणाल्या, "ऑफिसातला तो... थर्मामीटरवाला."

"त्याचं काय?"

"तो नव्हता. ती होती."

मला कळायला थोडा वेळ लागला.

"तुम्ही?"

"एक रेघ," त्या म्हणाल्या. "सगळ्या नोकरीत." आणि जरा थांबून, "आता तुम्हाला ठोका ऐकू आला... तर उत्तर द्यायचं नाही. उठायचं. दाराशी जायचं. बघायचं. वसंताची सवय."

मी बाहेर आले. शिरीष गुढीशी उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं. ठोका आला नव्हता हे सांगितलं. ते मला त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि तरी मी डॉक्टरांसमोर खोटं बोलले, हेही सांगितलं. त्याची बायको हातात वाटी धरून ऐकत होती. तो गुढीच्या काठीला बांधलेल्या दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधत राहिला. दोनदा बांधली.

"दुपारी मी निघालो होतो, काकू," तो म्हणाला. "चप्पल घातली होती."

मी उभी राहिले.

"श्रीखंड घेऊन जा," तो म्हणाला, आणि आत गेला. त्यानं मला पुन्हा फोन केला तो एकदाच, ज्येष्ठात, कुमुदताई गेल्याचं सांगायला. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

त्या वर्षीचं कॅलेंडर मी काढून टाकलेलं नाही. माघातल्या त्या चौकोनात ठिपका आहे, त्यावर एक रेघ आहे, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं आहे, बघितलं नाही.

पण शेवटचं सांगायचं आहे ते त्या पाडव्याचं. मी निघाले तेव्हा पिशवी आत राहिली होती. ती घ्यायला परत त्या खोलीच्या दाराशी गेले. आत पाऊल टाकायची हिंमत होईना. पिशवी दाराजवळच होती, वाकून उचलली. निघणार, तेवढ्यात आवाज आला. एक. मग दम घेऊन दोन. मग तीन.

पूर्वीची मी असते तर तिथूनच उत्तर दिलं असतं. तसा हात उचललाही होता. मग थांबले. पिशवी खाली ठेवली, दारात सरळ उभी राहिले आणि बघितलं. कुमुदताईंचा डावा हात कॉटच्या दांडीवर होता. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी हललेच नाही. त्यांनी बोटं उचलली आणि पुन्हा टेकवली. एक, दोन, तीन.

ती बोटं हलली. एवढं मी बघितलेलं आहे.

मग मी चौकटीवर तीन ठोके दिले आणि घरी आले.